एकाच लिपीतील तीन भाषा मार्गदर्शिकेच्या संकेतस्थळावर कशा मांडाव्यात?

प्रश्न : दर्याकाठ, रत्नागिरी

सप्रेम नमस्कार.

मासेमारी नौकांच्या फेऱ्यांचा हिशेब ठेवणारी एक छोटी मुक्त संगणकप्रणाली आम्ही चौघे जण गेली काही वर्षे सांभाळत आहोत. डिझेल, बर्फ, रेशन आणि जाळ्यांची डागडुजी यांचा खर्च वजा जाऊन उरलेल्या रकमेची मालक, तांडेल (नौकेचा प्रमुख) आणि खलाशी यांच्यात वाटणी कशी पडते, हे ती दाखवते. तिची मार्गदर्शिका डॉक्युसॉरस या, मार्गदर्शिकांची संकेतस्थळे तयार करणाऱ्या मुक्त साधनावर बांधलेली आहे. साधारण साठ पाने आहेत, मूळ मजकूर मराठीत आहे आणि तो मीच लिहिते.

सुरुवातीला प्रणाली वापरणारे बहुतेक जण मिरकरवाडा आणि साखरी नाटे येथील नौकामालक होते, त्यामुळे मराठी पुरत होती. पुढे फोनवरून स्वतःची उचल आणि वाटा पाहण्याची सोय आम्ही केली आणि वाचक बदलला. आपल्याकडच्या नौकांवर नेपाळी खलाशी किती आहेत, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणाला सांगावे लागत नाही. हिंदी बोलणारेही बरेच आहेत. म्हणून हिंदी आणि नेपाळी या दोन भाषांची मागणी आली. प्रणालीच्या कामात हातभार लावू इच्छिणाऱ्यांसाठी इंग्रजी हवी आहे, आणि गोव्याच्या एका व्यापाऱ्याने कोंकणीबद्दलही विचारले आहे.

मी घाईने एक गोष्ट केली. मराठी पानांच्याच फोल्डरात ‘हिंदी’ नावाचा एक उपफोल्डर केला, यंत्रानुवाद घेतला, तो जमेल तसा सुधारला आणि पाने चढवली. चार महिने सगळे ठीक चालले. त्यानंतर प्रणालीत उचल लिहिण्याची पद्धत आम्ही बदलली. पूर्वी उचल फेरीच्या खर्चात लिहावी लागत असे; नव्या आवृत्तीत ती त्या त्या खलाशाच्या नावे पडते आणि वाटणीच्या वेळी आपोआप वजा होते. मराठी पान मी त्याच दिवशी बदलले. हिंदी पान माझ्या लक्षातही आले नाही. एका तांडेलाने हिंदी पान वाचून उचल खर्चातही लिहिली आणि नव्या रकान्यातही भरली, त्यामुळे ती एकदा सगळ्यांच्या सामाईक रकमेतून गेली आणि पुन्हा ज्याच्या त्याच्या वाट्यातूनही गेली. नौका धक्क्याला लागल्यावर एका खलाशाने फोनवरचे ते पान माझ्यासमोर धरले आणि ‘यहाँ तो यही लिखा है’ एवढेच म्हटले. हिशेब त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला, परंतु पान चुकीचे होते आणि ते मी लिहिले होते, ही गोष्ट मनातून जात नाही.

आता हे काम पायापासून नीट करायचे आहे. भाषांची मांडणी डॉक्युसॉरसच्या स्वतःच्या पद्धतीने कशी करावी, भाषांतर मागे पडले तर ते वाचकाला आणि मला कसे कळावे, आणि मराठी, हिंदी व नेपाळी या तिन्ही भाषा देवनागरीतच असल्यामुळे शोध व अक्षररूपे यांत काही वेगळी काळजी घ्यावी लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. साठही पानांचे भाषांतर करण्याइतके मनुष्यबळ आमच्याकडे नाही, हेही आधीच नमूद करते.

उत्तर : साकव, सावंतवाडी

ताई, आपण घडलेला प्रसंग मोकळेपणाने लिहिलात, त्यामुळे नेमके काय सांगावे हे ठरवणे सोपे झाले. मी अशा दोन मार्गदर्शिकांचे काम पाहिले आहे. त्यांतील एक आजही चांगली चालते आणि दुसरी सहा भाषा उघडून दोन वर्षांत कोलमडली, म्हणून दोन्ही बाजू माझ्या परिचयाच्या आहेत.

प्रथम मांडणी. भाषांतरित पाने मूळ पानांच्या फोल्डरात ठेवली की डॉक्युसॉरसच्या दृष्टीने ती भाषांतरे उरत नाहीत, ती आणखी काही स्वतंत्र पाने होतात. कोणते हिंदी पान कोणत्या मराठी पानाचे रूप आहे, हे मग त्याला कळत नाही. मुख्य कॉन्फिग फाइलमध्ये आयएटीनएन नावाचा, म्हणजे बहुभाषिक मांडणीचा, विभाग असतो. तेथे मूळ भाषा मराठी, म्हणजे एमआर या संज्ञेने, नोंदवावी आणि तिच्यासह बाकीच्या भाषांची यादी द्यावी. त्यानंतर प्रकल्पाच्या मुळाशी आयएटीनएन हा फोल्डर, त्यात भाषेच्या संज्ञेचा फोल्डर, त्यात डॉक्स प्लगइनच्या नावाचा आणि त्याच्या आत ‘करंट’ हा फोल्डर, अशी उतरंड लागते. या ‘करंट’मध्ये मूळ पानांच्या फोल्डरची रचना जशीच्या तशी आणि फाइलींची नावेही तीच ठेवावी लागतात. नाव एका अक्षराने जरी बदलले तरी भाषांतर जोडले जात नाही आणि चूक झाल्याचे कोणी सांगतही नाही.

वरची पट्टी, तळटीप, बाजूची अनुक्रमणिका, ‘पुढील पान’सारखी बटणे हा मजकूर पानांच्या मार्कडाउन फाइलींमध्ये नसतो. त्यासाठी ‘राइट-ट्रान्सलेशन्स’ ही आज्ञा भाषेची संज्ञा देऊन चालवली की जेसन फाइली तयार होतात. त्या भरणे कंटाळवाणे काम आहे, पण ते टाळले तर हिंदी पानाभोवती मराठीची चौकट राहते आणि वाचकाला आपण चुकीच्या जागी आलो असे वाटते.

भाषा निवडण्याच्या यादीत प्रत्येक भाषेचे नाव त्या भाषेत असावे. आपण ‘नेपाळी’ लिहितो, पण ती भाषा बोलणारा ‘नेपाली’ लिहितो आणि त्याची नजर तेच अक्षर शोधत असते. देशाचे झेंडे लावू नयेत, कारण मराठी आणि हिंदी या दोघींसाठी आपण कोणता झेंडा लावणार? फोनची भाषा पाहून वाचकाला आपोआप दुसऱ्या भाषेत ढकलण्याची सोयही करू नये. आपल्याकडे कितीतरी लोकांच्या फोनची भाषा इंग्रजी असते आणि ते वाचतात मात्र मराठी. शिवाय गूगलचा पाने गोळा करणारा यंत्रमानव भाषेची पसंती कळवतच नाही, त्यामुळे अशा ढकलाढकलीत त्याला काही भाषा कधी दिसतच नाहीत.

पत्त्यांत रोमन अक्षरेच ठेवावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि दुवा व्हॉट्सॲपवर पाठवताना त्याची टक्केचिन्हांची माळ होते. ‘उचल’ या तीन अक्षरांची २७ चिन्हे होतात. असा दुवा मध्येच तुटतो, आणि खलाशांच्या गटात तुटलेला दुवा दुसऱ्यांदा कोणी उघडून पाहत नाही.

आता मुख्य गोष्ट. डॉक्युसॉरसमध्ये एखाद्या पानाचे भाषांतर नसेल, तर त्या भाषेच्या पत्त्यावर मूळ भाषेतील पान दिसते. ही सोय तुमच्यासारख्या कमी माणसांच्या कामात फार मोलाची आहे, कारण साठ पाने भाषांतरित करण्याची सक्तीच राहत नाही. खलाशाला जी पाने लागतात तेवढीच निवडा: स्वतःचे खाते कसे पाहावे, उचल कशी लिहिली जाते, वाटणी कशी पडते, तक्रार असल्यास काय करावे. माझ्या अंदाजाने ती आठ-दहाच्या वर जाणार नाहीत. बंदरावरील पावत्यांचे छपाईयंत्र कसे जोडावे हे नेपाळीत असण्याची गरज नाही.

भाषांतर मागे पडण्याच्या प्रश्नाला एमडीएन या वेबतंत्रज्ञानाच्या मार्गदर्शिकेने फार साधा मार्ग काढला आहे. भाषांतरित पानाच्या शिरोभागात एक ओळ असते आणि हे भाषांतर मूळ पानाच्या कोणत्या कमिटवरून, म्हणजे गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात नोंदलेल्या कोणत्या बदलावरून केले, याची खूण तिच्यात असते. कुबरनेटिस या मुक्त प्रणालीच्या संकेतस्थळाच्या भांडारातही मूळ इंग्रजी पानात भाषांतरानंतर काय बदलले ते दाखवणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलेली आहे. आपणही तेच करावे. बांधणीच्या वेळी एक स्क्रिप्ट प्रत्येक भाषांतराची खूण वाचेल, मूळ मराठी फाइल त्यानंतर बदलली आहे का ते गिटला विचारेल, आणि बदलली असल्यास पानाच्या माथ्यावर त्या भाषेतच एक पट्टी दाखवेल.

मात्र पैशांच्या पानांना पट्टी पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. लोक पट्टी वाचत नाहीत, पायऱ्या वाचतात. उचल, वाटणी आणि खर्च यांच्या पानांसाठी नियम कडक असावा: मराठी पानातील कृती बदलली की त्याची हिंदी आणि नेपाळी फाइल त्याच कमिटमध्ये काढून टाकायची, म्हणजे तेथे ताजे मराठी पान दिसू लागेल. नीट न समजणाऱ्या भाषेतील बरोबर पान वाचणारा माणूस शेजारच्याला विचारतो. समजणाऱ्या भाषेतील चुकीचे पान वाचणारा कोणालाच विचारत नाही. तुमच्या तांडेलाचे तेच झाले. मराठीतील ऱ्हस्वदीर्घ सुधारला म्हणून भाषांतर काढावे लागू नये, यासाठी कृती बदलणाऱ्या कमिटच्या संदेशात एक ठरावीक शब्द लिहिण्याची शिस्त पाळावी आणि स्क्रिप्टने तो शब्द पाहूनच अडवावे.

नेपाळी भाषांतर करणारी व्यक्ती बहुधा हिंदीवरून करेल. तरीही खूण मराठी कमिटचीच लिहावी, म्हणजे ते हिंदी पान मराठीच्या ज्या कमिटवर उभे होते त्याची. तसे न केल्यास हिंदी मागे पडलेली असताना नेपाळी ताजी आहे असा खोटा निर्वाळा स्क्रिप्ट देईल.

प्रत्येक भाषेची बांधणी स्वतंत्र होते, म्हणून चार भाषांना वेळही जवळपास चौपट लागतो. स्वतःच्या संगणकावर लिहिताना एका वेळी एकच भाषा दिसते. भाषा बदलण्याची यादी नीट चालते का, हे पूर्ण बांधणी करूनच तपासावे. अन्यथा न सापडलेल्या पानाचा संदेश पाहून आपण उगाच घाबरतो.

उत्तर : रेडीचा दांडा, वेंगुर्ले

केवळ कोंकणीपुरते लिहितो, कारण माझे घर दोन्ही भाषांच्या सीमेवर आहे.

कोंकणी आणि नेपाळी या दोन्ही भाषा १९९२ साली एकाच घटनादुरुस्तीने आठव्या अनुसूचीत आल्या, पण संगणकाच्या संज्ञांत त्यांची स्थिती सारखी नाही. नेपाळीला एनई ही दोन अक्षरी संज्ञा आहे. कोंकणीला दोन अक्षरी संज्ञा नाही. तिला केओके ही तीन अक्षरी संज्ञा वापरावी लागते, आणि गोव्याच्या कोंकणीसाठी जीओएम अशी वेगळीही आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये केओके लिहिणे पूर्णपणे वैध आहे. मात्र शोधयंत्राला भाषा सांगणाऱ्या एचरेफलँग या खुणेसाठी गूगलने दोन अक्षरी संज्ञाच मागितल्या आहेत, त्यामुळे कोंकणी पानांना तो लाभ मिळेल असे धरून चालू नये.

माझ्या मते आपण कोंकणी आता उघडू नये. भाषेबद्दल मला कमी आदर आहे म्हणून मी हे म्हणत नाही. ज्या भाषेत नियमित लिहिणारा एकही माणूस कामात नाही, ती उघडून अर्धवट ठेवणे हाच तिचा अनादर आहे, असे मला वाटते. एमडीएननेही डिसेंबर २०२० मध्ये आपला मजकूर गिटहबवर नेल्यानंतर, ज्या भाषांना सांभाळणारे उरले नव्हते त्या बंद केल्या आणि सांभाळणारे पुढे आले त्याच चालू ठेवल्या.

त्या व्यापाऱ्याची खरी अडचण बहुधा माशांच्या नावांची असावी. तुमच्या पानावर ‘कोळंबी’ आणि ‘सुरमई’ असते, आणि तो ‘सुंगटां’ आणि ‘इसवण’ शोधत असतो. आमच्याकडे मालवणीतही सुंगटाच म्हणतात. तेव्हा माशांच्या नावांचे एकच पान करावे, त्यात रत्नागिरीचे, मालवणी आणि कोंकणी अशी नावे शेजारी शेजारी द्यावीत, आणि शोधात ती सर्व सापडतील अशी व्यवस्था करावी. एका दुपारचे काम आहे. नावे मात्र कोशातून न घेता मालवण आणि वेंगुर्ले येथील लिलावात जाऊन ऐकून घ्यावीत.

उत्तर : टंकसाळ, अलिबाग

लिपी एक आणि भाषा तीन, या मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण याच ठिकाणी सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

संगणकाला अक्षरे पाहून भाषा ओळखता येईल हा समज सोडून द्यावा. इंग्रजी पानात मराठी आली तर लिपीवरून काही अंदाज बांधता येतो. मराठी, हिंदी आणि नेपाळीच्या बाबतीत तोही आधार नाही. पानाच्या एचटीएमएल घटकावर लिहिलेली भाषेची संज्ञा हीच एकमेव खात्रीची खूण असते. डॉक्युसॉरस ती स्वतः लावतो. पण साकव यांनी सांगितलेली सोय येथे थोडी अडचणीची ठरते. नेपाळी भाषांतर नसलेले पान मराठीत दिसते, आणि त्याच्या माथ्यावर संज्ञा मात्र नेपाळीची असते. डोळ्यांनी न पाहता पान ऐकणाऱ्या वाचकाचे वाचनयंत्र मग मराठी मजकूर नेपाळी उच्चारांनी वाचू लागते, आणि शोधाच्या नेपाळी यादीत मराठी शब्द शिरतात. अशा पानाच्या मुख्य मजकुराभोवती एक आवरण देऊन त्यावर मराठीची संज्ञा लावावी. लेखाचा घटक स्वतःच्या प्रतीने बदलण्याची मुभा डॉक्युसॉरस देतो, तेथे हे काही ओळींत होते.

संज्ञा बरोबर असण्याचा दुसरा लाभ अक्षररूपांचा आहे. मराठीतील पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही रूपे हिंदीतील रूपांपेक्षा वेगळी आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी तीच ठरवून दिलेली आहेत. नेपाळीत ‘झ’ आणि ५, ८ हे अंक वेगळ्या वळणाने लिहिले जातात. युनिकोडमध्ये या अक्षरांचे क्रमांक मात्र एकच आहेत. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकात ही पर्यायी रूपे आत असतात, आणि पानाची भाषा एमआर किंवा एनई आहे हे पाहून ती आपोआप निवडली जातात. हिशेबाच्या पानावर ५ आणि ८ वाचकाच्या सवयीच्या वळणात दिसणे ही केवळ सजावट नाही, असे मला वाटते.

अंकांचाच आणखी एक मुद्दा. जावास्क्रिप्टची ‘इंटल’ ही सोय मराठी आणि नेपाळीसाठी तारखा व संख्या देवनागरी अंकांत देते, पण हिंदीसाठी इंग्रजी (1, 2, 3) अंकांत देते. ‘शेवटचा बदल’ या ओळीत मराठीत ‘१४ मार्च’ आणि हिंदीत इंग्रजी अंकांतील चौदा दिसले, तर तो दोष समजू नये. प्रणालीच्या पडद्यावर जे अंक दिसतात तेच मार्गदर्शिकेत असावेत, एवढे पाहावे.

ओळींमधील अंतर इंग्रजीपेक्षा थोडे वाढवावे, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांना भिडतात. अक्षरांमधील अंतर वाढवण्याची सीएसएस सूचना देवनागरीला कधीही लावू नये, शिरोरेषा तुटते. तिरका ठसाही टाळावा, जोर द्यायचा असल्यास ठळक ठसा पुरतो.

आता शोध. लुनर हे शोधयंत्र आहे तसे जोडले, तर मराठीत काहीच सापडत नाही. त्यातील एक पायरी शब्दाच्या दोन्ही टोकांची बिगर-शब्द चिन्हे कापते आणि तिच्या व्याख्येत रोमन अक्षरे, अंक आणि अधोरेषा यांखेरीज सर्व काही बिगर-शब्दच आहे. म्हणजे ‘वाटणी’ हा संपूर्ण शब्दच कापला जातो. मी पेजफाइंड वापरण्याची शिफारस करतो. ते बांधून झालेली पाने वाचते, एचटीएमएलवरील संज्ञेनुसार प्रत्येक भाषेची वेगळी सूची करते, आणि फोनवर सूचीचा लागेल तेवढाच तुकडा उतरवते, त्यामुळे बंदराबाहेरच्या क्षीण मोबाइल नेटवर्कवरही चालते. भाषांतर न झालेल्या पानांवर पेजफाइंडने दुर्लक्ष करावे अशी खूण लावता येते. ती लावली की वर सांगितलेली मराठी-नेपाळीची सरमिसळही थांबते.

मराठी प्रत्यय मात्र कोणतेही यंत्र सोडवून देणार नाही. स्नोबॉल या मूळरूप काढणाऱ्या संचात हिंदी आणि नेपाळी आहेत, मराठी नाही. ‘होडी’ शोधले तर ‘होडीला’, ‘होडीचा’ हे सुरुवातीच्या अक्षरांवरून सापडतात. ‘जाळे’ शोधले तर ‘जाळ्यात’ आणि ‘जाळ्यांची’ सापडत नाहीत, कारण सामान्यरूपात शब्दाचा शेवटच बदलतो. प्रत्येक पानात मुख्य शब्द एकदा तरी मूळ रूपात, शक्यतो शीर्षकात, यावा अशा रीतीने लिहिणे हाच त्यावरचा उपाय मी आजवर करत आलो आहे.

शेवटी सर्वांत छुपी अडचण सांगतो. आपल्या प्रश्नात ‘किनाऱ्यावर’ हा शब्द आहे. त्यातील ‘ऱ्य’ दोन प्रकारे टंकित होतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आहे. ते, हलन्त आणि ‘य’ अशी एक रीत. दुसरी रीत म्हणजे साधा ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, दिसतातही सारखी, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. एनएफसी या प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. ‘दुसऱ्या फेरीचा हिशेब’ हे आपल्या मार्गदर्शिकेत नक्कीच असणार. आपण एका रीतीने लिहिले असेल आणि वाचकाच्या फोनचा कळफलक दुसऱ्या रीतीने लिहीत असेल, तर पान समोर असूनही त्याला ते सापडणार नाही. बांधणीपूर्वी सर्व मराठी फाइलींत दुसरी रीत पहिलीत बदलणारी एक ओळ टाका, आणि शोधाच्या चौकटीत वाचकाने लिहिलेल्या शब्दावरही तीच ओळ चालवा. दोन्ही ठिकाणी चालवली नाही तर उपयोग नाही.

प्रतिसाद : दर्याकाठ, रत्नागिरी

आपणा तिघांचे मनापासून आभार. गेल्या दोन आठवड्यांत जे केले ते कळवते.

जुना हिंदी फोल्डर पूर्णपणे काढला आणि साकव यांनी सांगितल्याप्रमाणे उतरंड लावली. खलाशांना लागणारी पाने मोजली तेव्हा ती नऊच निघाली. ‘दुसऱ्या’ हा शब्द आमच्या फाइलींत खरोखरच दोन्ही रीतींनी होता; मी घरी एक कळफलक वापरते आणि कार्यालयात दुसरा, हे त्याचे कारण. रूपांतराची ओळ टाकल्यावर त्याच शोधात पूर्वी दोन पाने येत होती, ती आता सात येतात.

यंत्रानुवादाचा आधार आम्ही सोडून दिला आहे. नऊ पाने पुन्हा तपासताना लक्षात आले की ‘उचल’ या शब्दाचे हिंदीत ‘उठाना’ झाले होते, आणि ‘खलाशाच्या नावे टाका’ याचे ‘खलासी के नाम डालें’ असे झाले होते, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावे की खलाशांच्या नावांची यादी भरायची आहे. मी हे पूर्वी वाचून पुढे गेले होते, कारण मूळ अर्थ माझ्या डोक्यात आधीच होता. आता आधी वीस शब्दांची एक सूची केली असून उचल, वाटणी, फेरी, खर्च, जमा, नावे यांचे तिन्ही भाषांतील रूप तेथे ठरल्याशिवाय कोणीही पान लिहायला घेत नाही.

नेपाळीसाठी मिरकरवाड्यावर जाळी दुरुस्त करणारे एक गृहस्थ मदतीला आले आहेत. ते पूर्वी खलाशी होते. धक्क्यावर बसून मी हिंदी पान मोठ्याने वाचत गेले आणि ते नेपाळीत सांगत गेले. ‘उचल’ला त्यांनी क्षणाचाही विचार न करता ‘पेस्की’ म्हटले. ‘नावे पडते’ याला मात्र ते बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले की हे वाक्य दुकानदाराचे आहे, खलाशाचे नाही. शेवटी त्यांनी ‘पेस्की तपाईंको भागबाट कटाइन्छ’ असे सांगितले, म्हणजे उचल तुमच्या वाट्यातून कापली जाते. ते ऐकल्यावर मी मराठी मूळ पानही तसेच बदलले. ‘नावे’ हा शब्द आता फक्त मालकांच्या पानांत उरला आहे.

कोंकणी उघडत नाही, माशांच्या नावांचे पान करते आहे. त्या व्यापाऱ्यांनीही तेवढेच हवे होते असे सांगितले.

एक अडचण शिल्लक आहे. उचलीच्या पानातील एखाद्या विभागाचा थेट दुवा मी मराठी पानातून घेऊन गटात टाकते. नेपाळी वाचक तो उघडून भाषा बदलतो तेव्हा पान बरोबर उघडते, पण त्या विभागाशी न जाता माथ्यावरच थांबते. हे का होते?

उत्तर : साकव, सावंतवाडी

ताई, विभागाच्या दुव्यातील खूण डॉक्युसॉरस शीर्षकाच्या मजकुरावरून बनवतो. मराठी शीर्षकाची खूण मराठी शब्दांची होते आणि नेपाळी शीर्षकाची नेपाळी शब्दांची, म्हणून भाषा बदलली की जुनी खूण त्या पानात कोठेच नसते. प्रत्येक शीर्षकाच्या शेवटी महिरपी कंसात हॅशचिन्हासह खूण स्वतः लिहावी आणि ती तिन्ही भाषांत एकच ठेवावी. खुणा आपोआप लिहून देणारी ‘राइट-हेडिंग-आयडीज’ ही आज्ञा आहे, पण तीही शीर्षकावरूनच खूण बनवत असल्यामुळे आपल्याला देवनागरी खुणाच मिळतील. नऊ पानांपुरते हाताने रोमनमध्ये लिहिणेच बरे.

आणि ही खूण एकदा गटात गेली की ती बदलू नका, शीर्षक बदलले तरीही. आधी पाठवलेले दुवे लोकांच्या फोनमध्ये राहतात आणि पुढच्या हंगामात तेच पुन्हा उघडले जातात.

प्रतिसाद : दर्याकाठ, रत्नागिरी

मराठी, हिंदी आणि नेपाळी अशा तिन्ही भाषांच्या नऊ पानांतील एकतीस शीर्षकांना खुणा दिल्या. आता दुवा योग्य विभागाशी उघडतो आणि भाषा बदलल्यावरही तेथेच राहतो. आज सकाळी धक्क्यावर त्या गृहस्थांच्या फोनवर तपासून पाहिले.